हॅम रेडिओसाठीचे इंटरनेट पत्ते पावसाळ्याआधीच मागावेत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्यावर आदळले तेव्हा दापोली-मंडणगड भागात वीज आणि मोबाइल दोन्ही बंद पडले, आणि पुढच्याच वर्षी २२ जुलैला वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले. अशा वेळी हॅम रेडिओ, म्हणजे सरकारी परवाना घेऊन हौसेने चालवला जाणारा बिनतारी रेडिओ, निरोप पोचवतो, हे अनेकांना ठाऊक आहे. मात्र त्याच रेडिओवरून संगणकही एकमेकांशी जोडता येतात आणि त्यासाठी लागणारे इंटरनेट पत्ते (जोडणीतल्या प्रत्येक संगणकाची ओळख ठरवणारे आकडे) परवानाधारकाला विनामूल्य मिळतात, याकडे आपल्याकडच्या हौशी मंडळींचेही पुरेसे लक्ष गेलेले नाही.

१९८१ मध्ये हँक मॅग्नुस्की या अमेरिकन हॅमने जगभरच्या हौशी ऑपरेटरांसाठी ४४ या आकड्याने सुरू होणारे सुमारे १ कोटी ६८ लाख पत्ते राखून घेतले. त्यांतला चौथा हिस्सा २०१९ मध्ये अॅमेझॉनला विकला गेला. उरलेले सव्वा कोटीहून अधिक पत्ते एआरडीसी (अमॅच्युअर रेडिओ डिजिटल कम्युनिकेशन्स) ही ना-नफा संस्था सांभाळते. देशोदेशींच्या वाट्याचे पत्ते वर्षानुवर्षे तिथल्याच स्वयंसेवक समन्वयकांनी वाटून दिले आहेत. अर्जदाराने संस्थेच्या पोर्टलवर कॉलसाइन (परवान्यासोबत मिळणारे रेडिओ केंद्राचे ओळखनाव) नोंदवून परवान्याने ते सिद्ध करायचे आणि पत्ते कुठे, कशासाठी लागणार ते लिहायचे. ‘प्रयोगासाठी’ एवढ्या एका शब्दावर, कोकणातले डोंगर कधी न पाहिलेल्या समन्वयकाने निर्णय तरी कसा घ्यावा? एका केंद्राला एक पत्ता पुरतो, तीन-चार डोंगरांवरच्या जोडणीला आठ पत्त्यांचा गट. आपला गट इंटरनेटवर थेट जाहीर करायचा, म्हणजे जगातल्या कुठल्याही संगणकाला तिथे थेट पोचता येईल असे करायचे असेल, तर मात्र किमान २५६ पत्ते आणि संस्थेचे अधिकारपत्र लागते.

घरच्या राउटरचे खासगी पत्ते का वापरू नयेत, असे कुणी विचारील. प्रत्येक वाडीत एक ‘वरचे घर’ असते. वाडीपुरते ते नाव चालते, पण दहा वाड्यांची टपाले एकत्र आली की पोस्टमनचा गोंधळ उडतो. दापोली, गुहागर आणि मालवणची केंद्रे जोडताना खासगी पत्त्यांचे नेमके असेच होते. नुसत्या पत्त्याने जोडणी होत नाही, त्यासाठी अँटेना आणि बॅटरी उभ्या कराव्याच लागतात; शिवाय हौशी रेडिओच्या नियमांनुसार या वाटेवर धंदा किंवा सांकेतिक गुप्त संदेश चालत नाहीत.

अर्ज करायलाही इंटरनेट लागते, त्यामुळे वादळ आल्यावर हे काम होणार नाही. म्हणून रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील परवानाधारकांनी केंद्रांचा एकच नकाशा आखून मे महिन्याआधी अर्ज करावा, आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणांनी अँटेनांसाठी उंचावरील सरकारी इमारतींची जागा द्यावी, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक हॅम परवानाधारक,
दापोली, जि. रत्नागिरी