आई-बाबा, माझं काम आणि बाबांचे कान

ती. आई-बाबांना,
सा. न.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "दिवसभर हेडफोन लावून तू नक्की करतेस काय, आणि त्याचे पैसे देतं कोण?" मी तेव्हा घणसोलीला गाडीत शिरत होते, गर्दीत धड काही सांगता आलं नाही. म्हणून आज निवांत लिहिते. शिवाय एक गोष्ट मला फोनवर बोलायचीच नव्हती, ती पुढे येईल.

मी आवाजाचं रेकॉर्डिंग करते. सध्या मुख्य काम एका ऑडिओबुकचं, म्हणजे वाचून रेकॉर्ड केलेल्या पुस्तकाचं आहे. वाचणाऱ्या बाई साठीच्या आहेत, आवाज सुरेख. रेकॉर्डिंग ठाण्याच्या नौपाड्यातल्या माझ्या छोट्या खोलीत चालतं. भिंतींना आवाज शोषणारे रॉकवूलचे पॅनल आहेत, दाराच्या फटीला रबराची पट्टी आहे, तरी सोसायटीचा पंप लागला की त्याची घरघर फरशीतून वर चढते. वॉचमनकाकांकडून पंपाच्या वेळा मी लिहून घेतल्या आहेत. रेकॉर्डिंग चालू असताना पंखा बंद, एसी बंद, मे महिना असला तरी. बाई बांगड्या बाहेर काढून ठेवतात. खळ घातलेली साडी नेसू नका असं मी आधीच सांगते, कारण ती सळसळते. तोंड कोरडं पडलं की जिभेचे चुटचुट आवाज माइकमध्ये उतरतात, म्हणून शेजारी हिरव्या सफरचंदाच्या फोडी ठेवते. आंबटपणाने लाळ सुटते आणि आवाज स्वच्छ होतो. शेवटी अर्धा मिनिट कुणीही न बोलता नुसती खोली रेकॉर्ड करायची. दोन वाक्यांमधली जागा भरायला तीच शांतता लागते. तिथे काहीच ठेवलं नाही तर ऐकणाऱ्याला आवाज तुटल्यासारखा वाटतो.

आपण ऐकतो तेव्हा नको ते आवाज मेंदू आपोआप बाजूला सारतो. माइक काहीच बाजूला सारत नाही. तो जे पकडेल ते आधीच ओळखणं, हे माझं काम. जुन्या वायरिंगच्या घरात गेलं की ५० हर्ट्झची विजेची गुणगुण येते, ती मला दारातच जाणवते. ऐरोली-महाप्याच्या कंपन्यांची ट्रेनिंगची व्हिडिओ असतात, वाशीला कधी नाटकाचं रेकॉर्डिंग असतं, कधी कुणाची घरगुती बैठक. प्रत्येक जागेचा आवाज वेगळा, आणि मला हे मनापासून आवडतं.

पैशांचं म्हणाल, तर घरगुती कामाला निम्मे आधी घेते आणि उरलेले मिळाल्यावरच अंतिम फाइल देते. कंपन्या मात्र बिल दिल्यावर दीड-दोन महिने लावतात, त्यातून टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला कर, वजा करतात, तो रिटर्न भरताना हिशेबात धरला जातो. मागे एका निर्मात्याने माझे पैसे फार लांबवले, आईने तेव्हा बँकेच्या परीक्षेची जाहिरात पाठवली होती. आई, तुझी काळजी मला कळते. पण गणपती-दिवाळीच्या आधी कामाला उसंत नसते आणि पावसाळ्यात हात रिकामे असतात, हे चक्र मला आता ठाऊक आहे. भाड्याचे पैसे मी त्या हिशेबाने आधीच बाजूला काढते. माझ्यासाठी नोकरी शोधू नका.

माझं भांडवल म्हणजे हे दोन कान. म्हणून मी ते जपते. ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास, ही साधारण मर्यादा धरतात. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन. विसर्जनाच्या मिरवणुकीत मी कानात प्लग घालूनच उभी राहते, कारण आतल्या कानातल्या सूक्ष्म केसांच्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

बाबा, आता तुमच्याबद्दल. गेल्या दिवाळीत पंगत बसताना आई म्हणाली, "ताट आणा," आणि तुम्ही पाट घेऊन आलात. सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत, आणि नंतर जेवताना एक अक्षर बोलला नाहीत. मला त्या क्षणी कळलं, तुमचं लक्ष नव्हतं असं मुळीच नाही. हर्ट्झ जितके जास्त तितका आवाज बारीक. 'आ'सारख्या स्वरांचा बराचसा जोर १००० हर्ट्झच्या खाली असतो, तो तुम्हाला नीट ऐकू येतो. 'त', 'स', 'श' यांची ओळख पटवणारा भाग बहुतेक २००० च्या वर असतो, 'स' तर त्याहूनही वर. तोच तुमच्यापर्यंत पोचत नाहीये. म्हणून तुम्ही म्हणता, "ऐकू येतं गं, कळत नाही." अगदी बरोबर म्हणता.

एसटीच्या वर्कशॉपात तुम्ही उभी हयात इंजिनांशेजारी काढलीत, कानाला काहीही न लावता. अशा गोंगाटाने आधी जातो तो ४००० हर्ट्झच्या आसपासचा भाग, वय त्यात आणखी भर घालतं. आणि आई, तू ओरडून बोलतेस ना, त्याने मुख्यतः स्वर मोठे होतात, व्यंजनं तितकी नाहीत. त्यापेक्षा टीव्ही बंद कर, त्यांच्या समोर येऊन सावकाश बोल.

पारावर जाणं तुम्ही बंद केलंत, हे मला आईने सांगितलं. गुडघ्याचं कारण मला पटलं नाही, बाबा. चारजण एकदम बोलायला लागले की काही हाती लागत नाही, आणि तुम्हाला पुन्हा पुन्हा "काय?" विचारायचं नाही.

म्हणून कान तपासून घ्या. तपासणीत दुखत-खुपत काही नाही. आवाजबंद खोलीत हेडफोन लावून बसायचं, बारीक 'टूं' ऐकू आलं की बटण दाबायचं. २५० पासून ८००० हर्ट्झपर्यंत कुठे किती कमी आहे त्याचा आलेख निघतो, आणि कानाचं यंत्र त्याच आलेखाप्रमाणे, जिथे कमी तिथेच आवाज वाढवतं. लावल्यावर सुरुवातीला भांड्यांचे आवाज टोचतील. काही आठवडे रोज वापरलं की मेंदू सरावतो. बाजारातलं तयार स्वस्त यंत्र मात्र घेऊ नका, त्यातली बरीच सगळंच सरसकट मोठं करतात.

पुढच्या महिन्यात वाईहून सकाळच्या गाडीने या. मी इथल्या ऑडिओलॉजिस्टची, म्हणजे ऐकू येणं तपासणाऱ्या तज्ज्ञाची, वेळ घेतली आहे. सर्दी असेल तर आधी कळवा, तारीख बदलून घेते. तपासणीच्या वेळी मी आत तुमच्याबरोबर असेन. आई, येताना मेतकूट आण, आणि बाबांची शुगरची फाइल विसरू नकोस.

तुमची,
मनू