एका मताची रात्र

टोरांटो, ९ जून २०२४

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

लोकसभेच्या निकालाच्या दिवशी फोनवर माझा आवाज भरून आला होता, म्हणून आज लिहायला बसलेय.

३ तारखेला इथे रात्रीचे साडेदहा झाले आणि तुमच्याकडे ४ जूनची सकाळ होऊन मोजणी सुरू झाली. देशाचा कल पहाटेपर्यंत कळला होता. तरी माझा डोळा लागेना, जीव सगळा आपल्या उत्तर-पश्चिम मुंबईत. वायकर शिंदेंच्या सेनेचे, कीर्तिकर ठाकरेंच्या. मोजणी गोरेगावला नेस्कोत, म्हणजे घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि मी इथे मोबाइल हातात धरून. ईव्हीएमची मतं मोजून झाली तेव्हा कीर्तिकर ४,५१,०९५ आणि वायकर ४,५१,०९४. एका मताचा फरक! पुढे टपाली मतं मिळवल्यावर वायकर ४८ मतांनी निवडून आले.

तो आकडा वाचला आणि २० मेचा तुमचा फोटो उघडला. बाबांच्या नखावर पसरलेली शाई, घामाने पाठीला चिकटलेला सदरा. रांग हलत नव्हती म्हणून शेजारच्या वहिनींनी आईला सावलीत बसवलं आणि तिचा नंबर धरून ठेवला. गुडघ्याला पट्टा बांधून आली होतीस ना गं आई?

माझा पासपोर्ट अजून भारताचाच आहे, त्यावर पत्ता जोगेश्वरीचा. नमुना ६अ भरला की आमच्यासारख्यांचं नाव यादीत लागतं. मत मात्र पासपोर्ट घेऊन केंद्रावर स्वतः येऊनच द्यावं लागतं, टपालाने चालत नाही. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी तिकिटाचे भाव पाहिले, सुट्ट्या मोजल्या आणि फोनवर म्हणून गेले, "माझ्या एका मताने काय होणार आहे?" बाबा, तुम्ही तेव्हा काहीच बोलला नाहीत. ते आता आठवतं आणि पोटात कालवतं.

मत कोणाला दिलंत ते विचारत नाही. आपल्या घरात ते कधी कोणी विचारलं नाही.

अर्ज काल भरला. विधानसभा याच वर्षी आहे, तारीख लागली की तिकीट काढते. बाबा, उन्हात टोपी घालत जा.

आई, या वेळी तुझा नंबर मी धरीन.

तुमची,
मनू