सफरचंदातली चांदणी

ब्रिस्टल, २५ सप्टेंबर २०२५

ति. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

आई, काल फोनवर तू इतकी घाबरली होतीस की मला धड सांगताच आलं नाही. म्हणून लिहून पाठवतेय, बाबांनाही वाचून दाखव. मी अगदी बरी आहे. जेवणखाण वेळेवर चाललंय, गरम कपडेही पुरेसे आहेत.

मी पाठवलेल्या फोटोत गोल करून उभे राहिलेले लोक, पेला, पत्ते दिसतात, ते करणी-भानामतीतलं काही नाही गं. सोमवारी शरद संपात होता, दिवस-रात्र सारखे. इथले पेगन, म्हणजे निसर्गाला देव मानणारे लोक त्या दिवशी सुगीचा सण करतात, मेबन म्हणतात त्याला. यात चोरून करण्यासारखं काही नसतं. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समधल्या सुमारे ७४ हजार लोकांनी आपला धर्म पेगन असा लिहिला. आमच्या घरमालकीणबाई त्यांतल्याच. मला ताप आला होता तेव्हा रात्री दोनदा उठून चहा करून देणाऱ्या याच बाई, त्यांच्याबरोबर गेले होते. आणि पेल्यात सफरचंदाचा रस होता, दुसरं काही नाही.

ग्लास्टनबरी गावात टॉर नावाची टेकडी आहे, माथ्यावर बिनछपराचा दगडी मनोरा. तिच्या पायथ्याशी बाईंच्या मैत्रिणीची सफरचंदाची बाग आहे. तिथे आम्ही अकराजण गोल करून उभे राहिलो. पूर्वेला धूप, दक्षिणेला मेणबत्ती, पश्चिमेला पाण्याचा वाडगा, उत्तरेला मीठ. एकेका दिशेकडे तोंड करून तिला बोलावलं. बाबा, तुम्ही पूजेआधी दिग्बंध करता ना, तोच आठवला. मग बाईंनी एक सफरचंद आडवं कापलं. आपण नेहमी उभ्या फोडी करतो, म्हणून मला एवढ्या वर्षांत कधी दिसलंच नव्हतं: आत बियांच्या घरांची पाच टोकांची चांदणी असते. आई, तू कापून बघच. पहिली चकती मातीला ठेवली, मग बाकीच्या सगळ्यांना वाटल्या.

मेबन हे नाव काही फार जुनं नाही, १९७० च्या दशकात एका अमेरिकन माणसाने या सणाला दिलं. पण ज्याच्यावरून दिलं तो जुन्या वेल्श कथेतला आहे. तीन रात्रींचा असताना त्याला आईजवळून कोणी तरी नेलं. त्याच्या नावाचा अर्थ मुलगा आणि त्याच्या आईच्या नावाचा अर्थ आई. मला ती गोष्ट फार लागली.

आता त्या पत्त्यांचं. टॅरो म्हणतात त्यांना, त्यांवरून भविष्य बघतात, पण ते पोपटवाल्याचं पाकीट नव्हे. हे पत्ते मुळात पंधराव्या शतकातल्या इटलीतले, नुसते खेळायचे, आपल्या सावंतवाडीच्या गंजिफासारखे. भविष्य बघणं फार नंतर आलं. जोडात ७८ पत्ते. आपण पिसायचे, डाव्या हाताने कापायचे, तीन काढायचे. आणि मला अजून नवल वाटतं ते पुढचं. पत्ते वाचणारी बाई सांगत काहीच नाही, आपल्यालाच विचारते, तुला यात काय दिसतं? आपल्याकडे पत्रिका घेऊन गेलं की गुरुजी बोलतात, आपण ऐकतो. इथे पैसे घेणाराही विचारत बसतो आणि लोकांना त्यातच समाधान मिळतं. (माझ्याकडून काही घेतलं नाही.) माझ्या पत्त्यावर आठ पेले होते. खाली पाच, वर तीन, मधे एकाची जागा मोकळी. लाल झग्यातला माणूस त्यांच्याकडे पाठ करून काठी टेकत डोंगराकडे निघालाय, वर चंद्र. मी म्हटलं, कामाला चाललाय, परत येईल. पुढे मला बोलता आलं नाही.

संपाताची वेळ इथे संध्याकाळी ७ वाजून १९ मिनिटांची होती, सूर्य नुकताच बुडाला होता. तुमच्याकडे रात्रीचे ११.४९. घटाला पहिली माळ चढून तुम्ही झोपला असाल, आणि मी आपली घटस्थापना सोडून परक्या बागेत उभी होते. आजीच्या तिथीलाही आले नाही. तिच्या पानावर आमसुलाची चटणी वाढली होतीस ना?

या महिन्यात पैसे कमी आले म्हणून बाबांनी विचारलं. व्हिसा वाढवायचाय. आरोग्य अधिभारच वर्षाला १,०३५ पौंड आहे, आणि तीन वर्षांचा एकदम भरावा लागतो. ऑक्टोबरपासून पूर्वीएवढे पाठवेन. कार्यालयाची उरलेली रक्कम मीच देणार, दादाला कर्ज काढू देऊ नका. साखरपुड्याला येता येणार नाही, वहिनींना माझ्या वतीने साडी द्या. लग्नाला मात्र येतेय, १२ दिवसांची रजा मंजूर झालीय. सांगलीच्या स्थळाला तोवर हो म्हणू नका. नाहीही म्हणू नका. मी आले की समोर बसून बोलू.

घटातलं धान्य किती वर आलंय? फोटो पाठव.

तुमची लेक