हरित ठेवी घेता, तर सोसायट्यांना हरित कर्जही द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बँकांनी हरित ठेवी (पर्यावरणपूरक कामांसाठीच्या ठेवी) कशा घ्यायच्या आणि त्यांचे पैसे कुठे लावायचे, याचा आराखडा रिझर्व्ह बँकेने १ जून २०२३ पासून लागू केला. सौर ऊर्जा, कचरा व पाणी व्यवस्थापन, स्वच्छ वाहतूक अशाच कामांना हा पैसा द्यायचा, त्याची दरवर्षी त्रयस्थाकडून तपासणी करून घ्यायची. नियम उत्तम आहेत. पण मुंबईतल्या साध्या सोसायटीपर्यंत हा पैसा पोहोचताना मला दिसत नाही.

मी मुलुंडमधल्या एका जुन्या सोसायटीचा खजिनदार आहे. लिफ्ट, पाण्याचे पंप आणि जिन्यातले दिवे यांचे वीजबिल भागवताना मेंटेनन्स वाढवत राहावा लागतो. म्हणून गच्चीवर २० किलोवॅटचे सौर पॅनेल बसवण्याचा ठराव सर्वसाधारण सभेत मंजूर झाला. एका किलोवॅटमागे दिवसाला साधारण चार युनिट वीज मिळते. केंद्र सरकारच्या छतावरील सौर पॅनेलसाठीच्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, म्हणजे आम्हाला ३ लाख ६० हजार. मात्र ते पॅनेल बसून सुरू झाल्यावर मिळते. आधी पैसे घालायचे कोणी?

आमच्या मुदत ठेवी ज्या बँकेत आहेत तिथेच कर्ज मागितले. पहिला प्रश्न, कन्व्हेयन्स (जमीन व इमारत सोसायटीच्या नावावर करणे) झाले आहे का? बिल्डरने ते केलेच नाही. बिल्डरच्या सहीशिवाय ते सरकारकडून करून घेण्याचा, म्हणजे मानीव अभिहस्तांतरणाचा, अर्ज प्रलंबित आहे. मग कमिटीतल्या प्रत्येकाची वैयक्तिक हमी द्या म्हणाले. पेन्शनवर जगणाऱ्या सभासदांनी अशी सही का करावी? शेवटी सल्ला मिळाला, मुदत ठेवच तारण ठेवा. म्हणजे आमचेच पैसे आम्हाला व्याजाने!

पीएम सूर्यघर योजनेतच स्वतंत्र घराच्या मालकाला ३ किलोवॅटसाठी ७८,००० रुपये अनुदान आणि विनातारण स्वस्त कर्जाची सोय आहे. मुंबईत फ्लॅट आपला असतो, गच्ची सगळ्यांची. त्यामुळे ही सोय आम्हा फ्लॅटवाल्यांच्या फारशी उपयोगाची नाही.

वसुलीची भीती मला पटत नाही. मेंटेनन्स दरमहा जमा होतो आणि थकबाकीदाराविरुद्ध वसुलीचा दाखला मिळवण्याची तरतूद सहकार कायद्यात आहे. मुंबई जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने स्वयंपुनर्विकासासाठी (बिल्डरविना स्वतःच इमारत नव्याने बांधण्यासाठी) सोसायट्यांना कर्जे दिली आहेत. अख्खी इमारत नव्याने उभारायला सोसायटी पात्र ठरते, तर गच्चीवरच्या पॅनेलसाठी का नाही? शिवाय अक्षय ऊर्जेची कर्जे २०१५ पासून अग्रक्रम क्षेत्रात, म्हणजे बँकांना ठरावीक प्रमाणात कर्ज द्यावेच लागते अशा क्षेत्रात, मोडतात, त्यामुळे बँकेचे उद्दिष्टही त्यातून पुरे होते.

यात बँकांचा स्वतःचाही स्वार्थ आहे, कारण हवामान बिघडले तर त्यांच्याकडे तारण असलेली घरेही धोक्यात येतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला, तेव्हा पाण्याखाली गेलेल्या वस्त्यांमधली कितीतरी घरे आज त्यांच्याकडेच तारण आहेत.

रिझर्व्ह बँकेला विनंती आहे की, हरित ठेवींतला ठरावीक हिस्सा गृहनिर्माण संस्थांसाठी राखून ठेवायला बँकांना सांगावे. पॅनेल हेच तारण मानावे आणि हप्ता मेंटेनन्सच्या खात्यातून वळता करून घ्यावा. आणि हरित ठेवींचे पैसे कोणत्या कामांना दिले, ते प्रत्येक शाखेत मराठीत फलकावर लावावे.

आपला,
एका सोसायटीचा खजिनदार,
मुलुंड (पूर्व), मुंबई