लॉचा निर्णय निकालानंतर नको, गणपतीच्या आधी घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पीयूसीचा (आपल्याकडच्या बारावीचा) निकाल एप्रिलमध्ये लागतो आणि मग बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांत लॉची चर्चा सुरू होते. नीट आणि केसीईटी या मेडिकल-इंजिनिअरिंगच्या परीक्षांची तयारी कॉलेजात दोन वर्षं चाललेली असते. लॉचं नाव मात्र ‘तिथे नंबर लागला नाही तर’ या यादीत शेवटी. या सवयीमुळे मुलांचं नेमकं काय हुकतं, ते पालकांपर्यंत पोचावं म्हणून हे पत्र.

लॉला जाण्याचे आपल्या भागातल्या मुलांपुढे तीन रस्ते आहेत आणि तिन्हींचं वेळापत्रक वेगळं आहे. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठीची क्लॅट 2023, 2024 आणि 2025 या तिन्ही वर्षी डिसेंबरच्या पहिल्या रविवारी झाली. तिचे फॉर्म पावसाळ्यात सुटतात आणि दिवाळीच्या आगेमागे बंद होतात. म्हणजे पीयूसी दुसऱ्या वर्षाची सहामाही देतानाच हा फॉर्म भरायचा असतो. महाराष्ट्राची लॉ सीईटी उन्हाळ्यात असते, पण तिचे अर्जही पीयूसीचा निकाल हातात यायच्या आत संपतात. निकालानंतर उघडा राहतो तो एकच रस्ता: हुबळीच्या कर्नाटक राज्य विधी विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांचा. तो वाईट आहे असं मुळीच नाही. 1939 पासून चालत आलेलं राजा लखमगौडा लॉ कॉलेज आपल्या बेळगावातच आहे. पण तीन रस्ते बघून एक निवडणं वेगळं आणि दोन बंद झाले म्हणून उरलेल्यावर जाणं वेगळं.

क्लॅटबद्दल थोडं सविस्तर, कारण गैरसमज तिच्याबद्दलच जास्त आहेत. पेपर दोन तासांचा, 120 प्रश्नांचा. चुकलेल्या उत्तराला पाव मार्क कापला जातो. कायद्याची कलमं पाठ असावी लागत नाहीत. इंग्रजी उतारा वाचून त्यावरच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात आणि गणिताचा भाग दहावीच्या पातळीचा असतो. मराठी माध्यमातून आलेली मुलं इथे अडखळतात ती कायद्यापाशी नाही, वाचनाच्या वेगापाशी. तो वेग दोन महिन्यांच्या क्रॅश कोर्सने येत नाही. रोज एक इंग्रजी अग्रलेख घड्याळ लावून वाचायची सवय पीयूसी पहिल्या वर्षापासून लागली तरच फरक पडतो. बारावीला खुल्या गटात 45 टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींना 40 टक्के पुरतात. बेंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात कर्नाटकातल्या मान्यताप्राप्त संस्थांत किमान दहा वर्षं शिकलेल्यांसाठी 25 टक्के जागा आहेत. ही अट शिक्षणाची आहे, मातृभाषेची नाही. बेळगावच्या मराठी शाळेत शिकलेला मुलगा त्यात बसतो, हे कित्येक मुख्याध्यापकांनाही माहीत नसतं.

महाराष्ट्राच्या सीईटीत प्रश्नपत्रिका मराठीतूनही असते आणि चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. कोल्हापूरकडे ओढा असण्याचं हे जुनं कारण. त्यात ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाल्याने निपाणी, चिकोडीकडची मुलं आणखी तिकडे बघू लागली आहेत. मात्र दोन गोष्टी आधी तपासाव्यात. कर्नाटकातला जातीचा दाखला तिकडच्या आरक्षणाला चालत नाही. इथे 3बी या मागास गटात असलेल्या मराठा विद्यार्थ्याला तिथे आपोआप सवलत मिळत नाही. दुसरं म्हणजे, महाराष्ट्राच्या व्यावसायिक अभ्यासक्रमांत 865 सीमावर्ती गावांतल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी जी तरतूद असते, तिला रहिवासाचा आणि मातृभाषेचा असे दोन दाखले ठरलेल्या नमुन्यात लागतात. नमुना त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतून काढावा. शेजारच्याने चार वर्षांपूर्वी दिलेला झेरॉक्स फॉर्म नेला की पडताळणीत अडकतं.

हुबळी विद्यापीठाच्या कॉलेजांत प्रवेश परीक्षा नाही, मार्कांवर प्रवेश मिळतो. बार कौन्सिलच्या (वकिली आणि तिचं शिक्षण यांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या) 2008 च्या नियमांप्रमाणे किमान गुण खुल्या गटाला 45, इतर मागासांना 42 आणि अनुसूचित जाती-जमातींना 40 टक्के. 44.6 ला 45 धरतील या भरवशावर कुणी राहू नये. मार्क कमी पडले तर पीयूसीची दुसरी परीक्षा आहे. 2024 पासून ही सोय झाली आहे आणि जास्त असलेले गुण धरले जातात. एप्रिलमध्ये 43 टक्के पडले म्हणून कुठल्यातरी डिग्रीला नाव घालून मोकळं होण्याआधी परीक्षा-2 चा फॉर्म भरावा. त्याची मुदत निकालानंतर काही दिवसांचीच असते.

आता पाच वर्षांचा कोर्स की डिग्रीनंतर तीन वर्षांचा, हा खरा घोळ. बारावीनंतर एका वाटेने पाच वर्षं लागतात, दुसरीने सहा. एका वर्षाचाच फरक. वकिलीच करायची हे ज्याचं पक्कं आहे त्याने पाच वर्षांचा घ्यावा. ज्याला खात्री नाही, किंवा बी.कॉम. करून टॅक्सकडे जायचं आहे, त्याने आधी डिग्री करावी. घाईत पाच वर्षांच्या कोर्सला जाऊन दुसऱ्या वर्षी सोडलं तर हाती डिग्रीही राहत नाही. डिग्रीवाल्यांची अडचण वेगळी: सहाव्या सेमिस्टरचा निकाल लांबला की लॉच्या प्रवेशाची मुदत निघून जाते. बॅकलॉग ठेवून शेवटच्या वर्षात गेलेल्यांनी हे मनाशी धरून चालावं.

नोकरी सांभाळून लॉ करू, असा विचार करणाऱ्यांना एक सांगणं आहे. प्रत्येक विषयाला 70 टक्के हजेरीची अट नियमांत आहे आणि सप्टेंबर 2024 मध्ये बार कौन्सिलने बायोमेट्रिक हजेरीबद्दल परिपत्रकही काढलं आहे. विद्यार्थ्याला नोकरी करत असल्याची माहिती द्यावी लागते. लॉबरोबर दुसरी नियमित डिग्रीही चालत नाही. ‘नुसतं नाव घालून ठेवतो, परीक्षेला येतो’ हा जुना जमाना गेला.

न्यायाधीश व्हायचं असेल तर वर्षांचा हिशेब आणखी काटेकोर करावा लागेल. 20 मे 2025 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची झाली. ती तात्पुरत्या सनदेच्या, म्हणजे वकिलीच्या परवान्याच्या, तारखेपासून मोजतात. अठराव्या वर्षी पाच वर्षांच्या कोर्सला बसलेला साधारण सव्विसाव्या वर्षी पात्र होतो, डिग्री करून आलेला सत्ताविसाव्या. मधे दोन वर्षं स्पर्धा परीक्षांत गेली असतील तर एकोणतीस. त्यामुळे निकाल लागला की सनदेला उशीर करू नये. त्याच न्यायालयाच्या जुलै 2024 च्या निकालानंतर नोंदणी शुल्क खुल्या गटाला 750 आणि अनुसूचित जाती-जमातींना 125 रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही, तेव्हा पैशाचं कारणही उरलेलं नाही.

आणि कन्नड. हे मराठी वृत्तपत्रात लिहिताना हात थोडा अडखळतो, पण लिहायलाच हवं. वकिली कुठे करणार हे ठरवल्याशिवाय लॉ कुठे करायचं हे ठरत नाही. इथल्या खालच्या कोर्टांचं काम कन्नडमध्ये चालतं. जमिनीचा आरटीसी उतारा (इथला सातबारा) घ्या: नवव्या रकान्यातलं मालकाचं नाव आणि अकराव्यातला बोजा कन्नडमध्ये. अशिलाचे जुने कागद मात्र मराठीत, काही मोडीत, कारण 1956 पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता. दोन्ही वाचू शकणारा वकील या जिल्ह्यात कधी रिकामा बसत नाही. ज्याला कन्नड वाचता येत नाही आणि शिकायचंही नाही, त्याने कोल्हापूरचा विचार पहिल्या दिवसापासून करावा, पाच वर्षांनी नको.

शेवटी कागदांचं. सगळ्यात जास्त अर्ज अडकतात ते नावापायी. एसएसएलसी (दहावीच्या) मार्क्स कार्डावर ‘सागर एम. पाटील’, आधारवर ‘सागर मारुती पाटील’ आणि टीसीवर आडनाव आधी. मार्क्स कार्डातली दुरुस्ती शाळेमार्फत बोर्डाकडे जाते आणि तिला महिने लागतात, आधारची लवकर होते. म्हणून मार्क्स कार्ड बरोबर असेल तर आधार त्याप्रमाणे करून घ्यावं. नाडकचेरीतून (महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीतून) मिळणाऱ्या जात आणि उत्पन्नाच्या दाखल्यावर आरडी नंबर असतो, तो ऑनलाइन टाकून दाखला निघतो का हे अर्ज भरण्याआधीच बघावं. दाखल्यातल्या वडिलांच्या नावाचं स्पेलिंगही तेव्हाच तपासावं.

आपल्या वृत्तपत्राने क्लॅटच्या आणि महाराष्ट्र सीईटीच्या तारखा जाहीर होताच पहिल्या पानावर चौकटीत छापल्या तर बरं होईल. नीटच्या छापता तशाच.

आपला,
एक वकील वाचक, टिळकवाडी, बेळगाव