पैशांचा गेम वेगळा, खेळ वेगळा

ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा केला, हे फार बरे झाले. आमच्याकडे कापसाचा चुकारा घरी येण्याआधीच मोबाइलवरच्या रमीत जात होता. गेम चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद, १ कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. तेही योग्यच, तो आधीच बुडालेला असतो.

पण याच कायद्यात स्पर्धा म्हणून खेळायच्या व्हिडिओ गेमना, म्हणजे ई-स्पोर्ट्‌सला प्रोत्साहन देण्याचेही म्हटले आहे. ते खेड्यातल्या पोरांपर्यंत येणार कसे? लाइन गेली की रेंजही जाते. ग्रामपंचायतीपर्यंत इंटरनेटची केबल आली आहे, ती चालू ठेवा आणि शाळा सुटल्यावर पोरांना तिथे दोन कॉम्प्युटर द्या. जिल्हा परिषदेने एवढे यंदाच करावे.

— एक वाचक, दारव्हा तालुका (जि. यवतमाळ)