आईच्या व्हीलचेअरसाठी मनापासून आभार

आई 78 वर्षांची, गुडघे धरलेले, पण नातवंडांसोबत अम्युझमेंट पार्कला जायचंच होतं. आम्ही नागपूरच्या बर्डीवर (सीताबर्डी बाजारात) वॉकर घ्यायला गेलो. दुकानात आलेल्या एका ताईंनी आईला दहा पावलं चालवून पाहिलं. म्हणाल्या, "काकू, वॉकर घरात ठीक आहे, दिवसभर उन्हात दमाल. व्हीलचेअरच घ्या, मागची चाकं मोठी असलेली. लहान चाकं मुरमात रुततात." आधी ब्रेक, मगच उठायचं, उतारावर खुर्ची उलटी न्यायची, हे त्यांनी खुर्ची हातात देऊन करवून घेतलं. किती मोलाचं होतं ते!

पार्कात पायऱ्यांपाशी अडलो, तर दोन पोरं न बोलावता धावली. एकाने आईला आधार दिला, दुसऱ्याने खुर्ची घडी करून वर आणली. टॉय ट्रेनमध्ये आईने नातीचा हात शेवटपर्यंत सोडला नाही.

ताई, पोरांनो, नावं विचारायची राहिली. तुमचे खूप खूप आभार.